कोळसा, जिवाणू आणि भात: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

भातातलं आर्सेनिक आणि कॅडमियम कसं कमी करायचं, त्यासाठी बायोचार (तूस, काटक्या असा शेतातला कचरा कमी हवेत जाळून केलेला कोळसा) आणि जिवाणू खतं कितपत उपयोगी पडतात, याबद्दल वाचकांनी बरंच काही विचारलं आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. मापं हेक्टरी आहेत, जिथे लहान क्षेत्र आहे तिथे चौरस मीटरची.

प्रश्न: एकीकडे वाचलं की भातात पाणी कायम भरून ठेवलं तर दाण्यात विष वाढतं. दुसरीकडे वाचलं की पाणी तोडलं तर विष वाढतं. खरं काय मानायचं?

उत्तर: दोन्ही खरं आहे, कारण विषं दोन आहेत आणि त्यांचे स्वभाव एकमेकांच्या उलट आहेत. पुढची सगळी उत्तरं याच मुद्द्यावर उभी आहेत, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

कोरड्या, हवेशीर जमिनीत आर्सेनिक लोहाच्या गंजासारख्या कणांना चिकटून बसलेलं असतं. खाचरात पाणी भरलं की मातीतला प्राणवायू एकदोन दिवसांतच संपतो. मग जिवाणूंना श्वसनासाठी दुसरं काहीतरी लागतं. आधी ते नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, मग लोह, त्यानंतर सल्फेट, आणि सगळ्यात शेवटी मिथेन तयार होऊ लागतो. लोहाची पाळी आली की गंजाचे कण विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक सुटं होऊन पाण्यात येतं. ते ज्या रूपात येतं, त्याला आर्सेनाइट म्हणतात. आर्सेनाइटचा रेणू आकाराने सिलिकेच्या रेणूसारखाच असतो आणि त्याच्यासारखाच विद्युतभार नसलेला असतो. भात हे सिलिका भरपूर खाणारं पीक, त्यामुळे मुळांवरच्या सिलिकेच्या दारातूनच आर्सेनाइट आत शिरतं. गहू-मक्यापेक्षा भातात आर्सेनिक जास्त का सापडतं, त्याचं कारण हे.

कॅडमियमचं याच्या नेमकं उलट. पाणी भरलेल्या मातीत जिवाणू सल्फेटचं सल्फाइड करतात, कॅडमियम त्याला बांधलं जातं आणि न विरघळणारं होतं. आम्लधर्मी मातीचा सामूही (pH, म्हणजे आम्ल-अल्क दाखवणारा आकडा) पाण्याखाली साडेसहा-सातकडे सरकतो, त्याचीही मदत होते. पाणी तोडलं की सल्फाइडचं पुन्हा सल्फेट होतं, सामू उतरतो आणि कॅडमियम मोकळं होतं. ते मुळात शिरतं ते मुख्यतः मँगनीजच्या वाटेने. दाणे भरताना जमीन तडकली तर दाण्यात कॅडमियम झपाट्याने चढतं.

म्हणून ‘सुरक्षित भातासाठी पाणी किती ठेवू?’ याला एकच उत्तर नाही. शेतात नेमकं काय आहे ते आधी तपासा. आर्सेनिक असेल तर पाणी आलटून-पालटून द्या. ३० सेंटिमीटर लांब, १० ते १५ सेंटिमीटर व्यासाची भोकं पाडलेली नळी खाचरात १५ ते २० सेंटिमीटर खोल रोवा आणि तिच्यातली माती काढून टाका. नळीतलं पाणी जमिनीच्या १५ सेंटिमीटर खाली गेलं की ५ सेंटिमीटर पाणी भरा. लावणीनंतर साधारण दोन आठवड्यांनी सुरू करा. फुलोऱ्याच्या आधी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा मात्र पाणी तुटू देऊ नका, नाहीतर पळंज (पोकळ दाणे) वाढते. कॅडमियम असेल तर निसवण्याच्या (लोंबी बाहेर पडण्याच्या) आधी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे सलग पाणी ठेवा. मात्र ते पाणी आर्सेनिकमुक्त हवं.

प्रश्न: तपासणीसाठी माती कशी घ्यायची? नेहमीच्या माती परीक्षणात हे येतं का?

उत्तर: नेहमीच्या अहवालात सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश असतं, जड धातू नसतात. आर्सेनिक आणि कॅडमियम यांची वेगळी मागणी करावी लागते, उपलब्ध जस्त अहवालात नसेल तर तेही मागा.

खाचरातून १० ते १५ ठिकाणची १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घेऊन एकत्र करा. पाणी जिथून आत शिरतं त्या तोंडाजवळचा नमुना मात्र वेगळा ठेवा, त्यात मिसळू नका. आर्सेनिकचं पाणी खाचरात येतं तेव्हा त्यातलं लोह हवेशी भेटून तिथेच गंजासारखं बसतं आणि आर्सेनिकही त्याच्याबरोबर तिथेच बसतं. त्यामुळे तोंडाजवळ आणि लांबच्या कोपऱ्यात मोठा फरक असू शकतो. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा पत्रा वापरू नका, जस्ताचा आकडा खोटा येईल. सिंचनाच्या पाण्याचाही नमुना द्या.

सगळ्यात महत्त्वाचा नमुना दाण्याचा. मातीत धातू किती आहे यावरून दाण्यात किती जाईल, हे खात्रीने सांगता येत नाही. २० ते २५ ठिकाणच्या लोंब्या झोडून, माती लागू न देता अर्धा किलो भात काढा. अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाच्या मर्यादा अशा: पॉलिश तांदळात असेंद्रिय आर्सेनिक किलोला ०.२ मिलिग्रॅम, फक्त तूस काढलेल्या तांदळात ०.३५ मिलिग्रॅम, आणि पॉलिश तांदळात कॅडमियम ०.४ मिलिग्रॅम. प्रयोगशाळेला ‘असेंद्रिय’ आर्सेनिक हवं असं स्पष्ट सांगा. नुसतं एकूण आर्सेनिक मोजलं तर सेंद्रिय रूपंही त्यात धरली जातात आणि तुलना चुकते.

प्रश्न: तुसाचा बायोचार करून पाहिला. एकदा सगळी पांढरी राख झाली, एकदा तूस तपकिरीच राहिलं आणि धुराचा वास जाईना. चुकलं काय?

उत्तर: पहिल्या वेळी विझवायला उशीर झाला, दुसऱ्या वेळी घाई झाली.

तूस बारीक आणि घट्ट बसणारं असतं, लाकडासारखं खड्ड्यात पेटवलं तर हवा आत जात नाही. त्यासाठी भोकं पाडलेला पत्र्याचा डबा उलटा ठेवा आणि त्यावर धुराडं बसवा. डब्यात काटक्यांचा जाळ करा आणि भोवतीने तुसाचा ढीग रचा. उष्णता आतून बाहेर सरकते. ढिगाच्या पृष्ठभागावर काळे डाग दिसू लागले की बाहेरचं न जळलेलं तूस फावड्याने आत ओढत राहा. ढिगाच्या आकारानुसार याला काही तास लागतात, आणि हा वेळ ढीग सोडून जायचं नाही. जवळजवळ सगळं काळं झालं की लगेच पातळ पसरा आणि पाणी मारा. १०० किलो तुसासाठी दीडदोनशे लिटर पाणी आधीच भरून ठेवा. वरून थंड वाटणारा ढीग आतून धगधगत असतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटतो, म्हणून वाफ पूर्ण थांबेपर्यंत पाणी मारा आणि पोत्यात भरण्याआधी हात घालून पाहा.

बरोबर झालं की नाही, हे वजनावर कळतं. १०० किलो तुसापासून वाळल्यावर ३० ते ४० किलो कोळसा मिळायला हवा. तुसात मुळातच १५ ते २० टक्के राख असते. म्हणजे हाती २० किलोच करडं द्रव्य उरलं असेल तर सगळा कर्ब उडून गेला, उरली ती फक्त राख. ५० किलोच्या वर आलं तर ते अर्धकच्चं आहे. चिमूटभर बोटांत चोळून साध्या पाण्याने धुवा. काळं सहज निघून गेलं तर ठीक. तेलकट राहिलं, साबण लागला, तर त्यात डांबर आहे. असा माल रोपवाटिकेत घालू नका. खात्री हवी असेल तर एका भांड्यात माती आणि दुसऱ्यात एक भाग कोळसा-नऊ भाग माती घेऊन प्रत्येकी ५० दाणे पेरा आणि उगवण मोजा.

सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे तुसातली सिलिका स्फटिकरूप होऊ लागते. ती पिकाला मिळत नाही आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून पांढरी-गुलाबी राख झाली की तो माल बाजूला ठेवा. कोरडा कोळसा हाताळताना नाकातोंडावर मुखपट्टी हवीच, आणि कोळसा करणं बंदिस्त शेडमध्ये कधीच नको, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

एक महत्त्वाचं: ज्या शेताच्या दाण्यात धातू सापडले, त्याच शेतातलं तूस जाळून बायोचार केला तर धातूंचा बराच भाग कोळशात तसाच राहतो. ते तूस किंवा त्याचा कोळसा स्वच्छ शेतात नेऊ नका.

प्रश्न: हेक्टरी २० टन बायोचार घाला, असं वाचलं. एवढा आणायचा कुठून?

उत्तर: आणता येणार नाही. हिशेब करून पाहा. हेक्टरी ४ टन भात पिकला तर त्यात तूस सुमारे ८०० किलो, आणि त्याचा कोळसा २५० ते ३०० किलो. २० टनांसाठी जवळजवळ ७० हेक्टरवरचं तूस लागेल. प्रयोगांमध्ये मोठे डोस घेतात ते परिणाम ठळक दिसावा म्हणून. ते आकडे सरसकट शिफारस म्हणून फिरतात, हे आम्हाला पटत नाही.

थोडा कोळसा नेमक्या जागी घालणं शहाणपणाचं. पहिली जागा रोपवाटिका. एका हेक्टरच्या लावणीला साधारण १,००० चौरस मीटर रोपवाटिका धरली तर आपल्याच तुसातून दर चौरस मीटरला पाव किलो कोळसा मिळतो. चटई पद्धतीची रोपवाटिका असेल तर सात भाग माती, दोन भाग चाळलेलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग तुसाचा कोळसा असं मिश्रण चालतं. रोपं उपटताना मुळं तुटत नाहीत, हा फायदा लगेच दिसतो. पण स्पष्ट सांगायला हवं, रोपवाटिकेतल्या कोळशाने मुख्य शेतातल्या दाण्याचे धातू कमी होत नाहीत.

त्यासाठी दुसरी जागा: पाणी शिरतं ते तोंड, जिथे तपासणीत आकडा जास्त आला. तिथल्या ५०० चौरस मीटरला दर चौरस मीटरला एक किलो, म्हणजे एकूण ५०० किलो कोळसा पुरतो (आकडा आर्सेनिकचा असेल तर साधा नव्हे, पुढे सांगितलेला लोह चढवलेला कोळसा). दोन हंगामांच्या तुसातून तो जमतो. कोळसा वर्षानुवर्षं मातीत राहतो, त्यामुळे पुढच्या वर्षी दुसरा पट्टा घेता येतो.

पेंढा तरी शेतातच ठेवा किंवा कंपोस्ट करून परत घाला, जाळू नका. मात्र आर्सेनिक असलेल्या शेतात ओला पेंढा चिखलणीच्या तोंडावर गाडू नका. कुजताना तो जिवाणूंना एकदम खाद्य देतो, लोह झपाट्याने विरघळतं आणि आर्सेनिक उसळतं. आधी कुजवा, मग घाला. भात माती-पाण्यातून किती सिलिका उचलतो याची कल्पना यावी म्हणून: ५ टन धान्याचं पीक हेक्टरी २३० ते ४७० किलो सिलिकॉन घेऊन जातं. त्यातला मोठा वाटा पेंढ्यात असतो. तो परत दिला की मुळाच्या दाराशी सिलिका आणि आर्सेनाइट यांच्यात चढाओढ होते आणि त्यात सिलिकेचं पारडं जड होतं.

प्रश्न: ताज्या बायोचारमध्ये जिवाणू खताचं पाकीट मिसळून लगेच शेतात टाकलं. काहीच फरक दिसला नाही, उलट रोपं पिवळी पडली.

उत्तर: दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. ताज्या कोळशाचा सामू ८ ते १० असतो, शिवाय त्यात विरघळणारे क्षार असतात. त्यात पडलेले जिवाणू बहुतेक मेले. आणि रिकामा कोळसा मातीतलं अमोनियम स्वतःकडे ओढून धरतो, म्हणून रोपांना नत्र कमी पडलं. कोळसा ‘भरून’ घालायचा असतो, ही पायरी तुमच्याकडून राहिली.

आधी कोळसा २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. दोनदा भरपूर पाण्यात भिजवून निथळा. सामू कागदाने पाहा, ८ च्या खाली आला की पुढे जा. १० किलो कोळशात (वाळलेल्या वजनाने) १० किलो चाळलेलं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट मिसळून दोन-तीन आठवडे सावलीत ओलसर ठेवा. ओल किती? मूठ आवळली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. कंपोस्ट तापत असेल तर ते अजून कुजलेलं नाही, थांबा.

ढीग थंड झाल्यावरच जिवाणू घाला. पाव लिटर द्रवरूप संवर्धन (बाटलीतलं जिवाणू खत) दोन लिटर क्लोरीन नसलेल्या पाण्यात मिसळून शिंपडा, ओल्या गोणपाटाने झाका आणि आठवडाभर सावलीत ठेवा, मध्ये दोनदा वरखाली करा. कोळशाची बरीच छिद्रं जिवाणूपेक्षा मोठी असतात, त्यामुळे ते आत घर करतात आणि त्यांना खाणाऱ्या सूक्ष्मजीवांपासून काही प्रमाणात वाचतात. मिश्रण महिन्याभरात वापरून टाका. संवर्धन विकत घेताना वापरण्याची मुदत आणि जिवाणूंची संख्या पाहा. द्रवरूपात मिलिलिटरला १० कोटींपेक्षा कमी असेल तर घेऊ नका. डब्याला आंबूस किंवा सडका वास असेल तर तो परत करा.

हे मिश्रण शेवटच्या चिखलणीनंतर, लावणीच्या दिवशी पसरा. रोपांसाठी वेगळं: पावडर स्वरूपातलं एक किलो जिवाणू खत १० लिटर पाण्यात कालवून त्यात मुळं २० ते ३० मिनिटं बुडवा आणि लगेच लावा. बियाण्याला बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. दोन्ही एकाच पाण्यात कालवले तर जिवाणूंचे पैसे वाया जातात.

कोणते जिवाणू? नत्रासाठी ॲझोस्पिरिलम भाताला मानवतो, कारण तो कमी प्राणवायूत काम करतो. स्फुरदासाठी बॅसिलस आणि स्यूडोमोनासच्या जाती मिळतात. आता एक सावधगिरीची गोष्ट, जी पाकिटावर लिहिलेली नसते. स्फुरद आणि जस्त विरघळवणारे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून काम करतात. आम्लाला जस्त आणि कॅडमियम यांत भेद करता येत नाही, रसायनाच्या दृष्टीने ती सख्खी भावंडं आहेत. कॅडमियम असलेल्या शेतात जस्त विरघळवणारे जिवाणू घालू नका, तिथे जस्त खतातून द्या. तसंच मातीत स्फुरद फार वाढलं तर ते लोहावरून आर्सेनिकला ढकलून बाहेर काढतं. म्हणून आर्सेनिकच्या शेतात स्फुरद माती परीक्षणापेक्षा जास्त नको.

प्रश्न: आर्सेनिक किंवा कॅडमियम ‘खाणारे’ जिवाणू बाजारात मिळतात का?

उत्तर: धातू कोणी खात नाही. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक ही मूलद्रव्यं आहेत, ती नाहीशी होत नाहीत. जिवाणू त्यांना बांधतात, रूप बदलतात किंवा मोकळं करतात. ‘धातू संपवतो’ असं लिहिलेल्या बाटलीवर पैसे घालवू नका.

उपयोगी जिवाणू बहुधा आपल्या खाचरात आधीपासूनच असतात. सल्फेटचं सल्फाइड करणारे असतात, मुळातून झिरपणारा प्राणवायू वापरून लोहाचा तांबूस लेप मुळावर चढवणारेही असतात. त्यांना आणून सोडण्यापेक्षा त्यांच्या कामाची सामग्री पुरवणं जास्त भरवशाचं. कॅडमियमसाठी गंधक लागतं. जिप्सममध्ये सुमारे १८ टक्के गंधक असतं, हेक्टरी ३० किलो गंधकासाठी सुमारे १६५ किलो जिप्सम चिखलणीच्या वेळी घाला आणि नंतर पाणी टिकवा. वाळूसारख्या, लोह कमी असलेल्या मातीत हे करू नका. तिथे तयार होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला बांधायला लोह नसतं, मुळं काळी पडतात आणि कुजक्या अंड्याचा वास येतो. तसं झालंच तर तीन-चार दिवस पाणी काढून टाका.

आर्सेनिकचं रूप बदलून त्याला मिथाइल गट जोडणारे जिवाणूही असतात. त्यातून बनणारं रूप माणसाला कमी घातक, पण भाताला त्रासदायक. लोंब्या वाकत नाहीत, ताठ उभ्या राहतात, दाणे पोचट आणि टोकाशी पोपटाच्या चोचीसारखे वाकडे. असं दिसलं तर कोवळ्या अवस्थेत जमीन वाळू देणं हा पुढच्या हंगामाचा उपाय, आणखी जिवाणू हा नव्हे.

प्रश्न: आमचं संकट आर्सेनिकचं आहे, कॅडमियम नाही. मग साधा बायोचार घालायचा का?

उत्तर: एकटा नको. इथे सर्वांत जास्त चूक होते. साधा कोळसा सामू वाढवतो, विरघळणारा कर्ब आणि स्फुरद देतो, आणि जिवाणू व लोह यांच्यात इलेक्ट्रॉन वाहून नेण्याचं काम करतो. भरलेल्या खाचरात या सगळ्यामुळे आर्सेनिक सुटं होऊ शकतं. कॅडमियमवर जे औषध, तेच आर्सेनिकवर अपाय.

आर्सेनिकसाठी लोह चढवलेला कोळसा घ्या. स्फटिकांत पाणी असलेल्या फेरस सल्फेटमध्ये (हेप्टाहायड्रेट) लोह २० टक्के असतं. १० किलो कोळशावर २ टक्के लोह हवं असेल तर २०० ग्रॅम लोह, म्हणजे १ किलो फेरस सल्फेट लागेल. ते प्लॅस्टिकच्या पिंपात २० लिटर पाण्यात विरघळवा, त्यात न धुतलेला कोळसा रात्रभर भिजवा आणि सकाळी पातळ पसरून वाळवा. कोळशाच्या अल्कधर्मामुळे लोह त्यावर बसतं आणि वाळताना तपकिरी होतं. निथळणाऱ्या पाण्याचा सामू ६ च्या खाली असेल तर एकदा धुवून घ्या.

पण हा कोळसा घालून पाणी तीन महिने सलग भरून ठेवलं तर तेच लोह पुन्हा विरघळेल आणि मेहनत पाण्यात जाईल. आलटून-पालटून पाणी याच्याबरोबर हवंच. मातीचा सामू ५ च्या खाली असेल, पानांवर कांस्य रंगाचे ठिपके येत असतील, तर लोह आधीच जास्त आहे. तिथे आणखी लोह घालू नका. आणि सिंचनाचं पाणीच आर्सेनिकचं असेल तर पाणी बदलल्याशिवाय मातीतल्या कोणत्याही उपायाला अर्थ नाही, दर हंगामाला भर पडतच राहील.

प्रश्न: बायोचारने तांदूळ जास्त पौष्टिक होतो का? आमचा मुख्य हेतू जस्त आणि लोह वाढवणं हा आहे.

उत्तर: नुसत्या बायोचारवर भरवसा नको. सामू वाढला की जस्त उलट अडकतं. उपलब्ध जस्त किलोला ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, लावणीनंतर दोन-चार आठवड्यांत खालच्या पानांवर गंजासारखे डाग आणि कोवळ्या पानांच्या बुडाशी फिकटपणा दिसत असेल, तर हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट लावणीच्या वेळी द्या. स्फुरदाच्या खतात मिसळून देऊ नका, दोन्ही एकमेकांना बांधतात.

एवढ्याने पीक सुधारेल, दाण्यातलं जस्त फारसं वाढणार नाही. त्यासाठी फवारणी लागते आणि वेळ महत्त्वाची आहे. फुलोरा संपून दाण्यात चीक भरत असताना लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट, त्यात पानं भाजू नयेत म्हणून अडीच ग्रॅम चुना, गाळून, संध्याकाळी, हेक्टरी ५०० लिटर. आठवड्याने आणखी एकदा. फुलोऱ्यात, दाण्यांची तोंडं उघडी असताना सकाळी फवारू नका, परागीभवन बिघडतं.

लोहाचं तसं नाही. तांदळातलं बहुतेक लोह वरच्या थरात असतं आणि पॉलिशमध्ये कोंड्याबरोबर निघून जातं. जस्त दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचतं, म्हणून जस्तावर केलेला खर्च ताटात उतरतो.

प्रश्न: बायोचार घातल्यापासून तण वाढलं. कोळशातून बी आलं का?

उत्तर: नाही. कोळशाने तुमचं तणनाशक शोषून घेतलं. उगवणीपूर्वी मारायच्या औषधांवर हा परिणाम जास्त होतो. डोस वाढवू नका, त्या पट्ट्यात पहिल्या २० ते ४० दिवसांत दोनदा हाताने किंवा कोनो वीडरने (खाचरात ढकलत चालवायचं कोळपणीचं अवजार) कोळपा.

प्रश्न: आम्ही शेती करत नाही, विकतचा तांदूळ खातो. घरात काय करता येईल?

उत्तर: आर्सेनिकपुरतं बरंच करता येतं. एक वाटी तांदळाला चार वाट्या पाणी आधी उकळा, त्यात तांदूळ पाच मिनिटं उकळून ते पाणी ओतून द्या. मग दोन वाट्या ताजं पाणी घालून मंद आचेवर जिरवा. शेफील्ड विद्यापीठाच्या २०२० मधल्या अभ्यासात या पद्धतीने पांढऱ्या तांदळातलं ७३ टक्के आणि तपकिरी तांदळातलं ५४ टक्के आर्सेनिक निघालं. पाणी स्वच्छ हवं, आर्सेनिकच्या पाण्यात शिजवलं तर ते आणखी चढतं. तपकिरी तांदूळ कोंड्यामुळे पौष्टिक असतो, पण असेंद्रिय आर्सेनिकही कोंड्यातच जास्त असतं. लहान बाळांच्या आहारात तांदळाबरोबर इतर धान्यंही आलटून-पालटून ठेवा.

कॅडमियम मात्र दाण्यात आतपर्यंत असतं. धुण्याने किंवा पाणी ओतून देण्याने ते फारसं जात नाही. ते शेतातच रोखावं लागतं.

प्रश्न: पहिल्याच वर्षी फायदा झाला की नाही, हे कसं ओळखायचं?

उत्तर: पिकाच्या हिरवेपणावरून ओळखू नका, कोळशातल्या पालाशानेही पीक तरारतं. एकाच खाचरात, पाण्याच्या तोंडापासून सारख्याच अंतरावर दोन पट्टे आखा, एकात उपाय करा आणि एक तसाच ठेवा, मध्ये छोटा बांध घाला. जात, खत, लावणीचा दिवस एकच. कापणीला दोन्ही पट्ट्यांचा भात वेगळा झोडा, वेगळा वाळवा आणि दोन्हींचे दाणे एकाच प्रयोगशाळेत एकाच दिवशी द्या. आर्सेनिक उतरलं पण कॅडमियम चढलं, असंही होतं, म्हणून अहवालात दोन्ही आकडे मागा. कॅडमियम चढलेलं दिसलं तर पुढच्या हंगामात निसवण्याच्या आसपास पाणी कमी वेळा तोडा: नळीत १५ ऐवजी ५ सेंटिमीटरवरच पाणी भरा, आणि पुन्हा दोन्ही पट्टे तपासा.